जिने मला लाथ मारली नाही

थोरांचे पाय लागले की सामान्य माणसाच्या आयुष्याचं सोनं होतं, अशी आपल्याकडची जुनी आणि पवित्र श्रद्धा आहे. माझा तिच्याशी वाद नाही. माझ्या बाबतीत एवढंच झालं, की ज्या बाईंचा पाय लागावा म्हणून मी एका रविवारी सकाळी रांगेत उभा राहिलो, त्यांनी तो लावायला साफ नकार दिला; आणि त्या नकारामुळे मी आज स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, कुणाच्या मदतीशिवाय लघवी करून येतो. सोनं वगैरे काही झालं नाही. पण ही दुसरी सोय ज्याची एकदा जाता जाता राहिली आहे, तो सोन्याबद्दल फारसं बोलत नाही.

बाई माझ्या घरमालकीण. सरावलीत त्यांचं घर. खाली त्या, वर गच्चीला लागून असलेल्या खोलीत मी. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं प्रशासन मी सांभाळायचो. बायकोची नोकरी नाशिकला, म्हणून इथे एकटा. बाईंनी पालघरच्या एका शाळेत हयातभर गणित शिकवलं होतं, त्यामुळे आसपासचे निम्मे लोक त्यांना घाबरायचे. उरलेले निम्मे त्यांच्याकडे लाथ खायला यायचे. काही जण दोन्ही करायचे.

बाई पायाळू होत्या. म्हणजे जन्मताना त्यांचं डोकं आधी न येता पाय आधी आले. हे माकुणसारला, त्यांच्या आईच्या माहेरी घडलं आणि सुईणीने ते गावभर केलं. अशा माणसाने कंबरेला लाथ मारली की भरलेली उसण उतरते, हे आमच्या भागात कुणालाही विचारा, तो तुम्हाला उतरलेल्या उसणींची नावानिशी माहिती देईल. पायाळू माणसावर वीज पडते असंही म्हणतात. आभाळ गडगडलं की बाई घरात यायच्या. शहाणा माणूस येतोच, पायाळू असो नसो, असं त्यांचं म्हणणं.

साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हातात काही नाही. हातात काही नसणं हा त्यांचा नियम होता. पिशवी घ्यायचीच तर दोन, दोन्ही हातांत सारखी. वर्तमानपत्र त्या कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगायच्या आणि उभ्याने वाचायच्या. पान संपलं की दोरीच्या पलीकडे जाऊन मागचं पान वाचायच्या. सोफ्याला त्या दलदल म्हणायच्या. माझ्या खोलीत मी एक आणला, तेव्हा जिन्यावरून तो वर चढताना पाहून एवढंच म्हणाल्या, "उचलणाऱ्यांची नावं विचारून ठेवा. रविवारी येतील." त्यातला एक आला.

रविवारी सकाळी अंगणात चटई पडायची. बाई डाव्या पायातला बूट काढून ठेवायच्या आणि रांग सुरू व्हायची. तारापूरकडच्या मासे विकणाऱ्या बायका, कारखान्यांतले उत्तरेकडचे कामगार, डोंगरपाड्यांवरून भातलावणी करून वाकलेली माणसं. चटईवर पालथं झोपायचं. पण त्याआधी तोंडी परीक्षा. आणि परीक्षेत सगळे 'तू'. एरवी बाई मला 'तुम्ही' म्हणायच्या, टमटमवाल्यालाही 'तुम्ही' म्हणायच्या. पण पाठ घेऊन जो आला तो त्यांच्या वर्गात आला.

"बाय, कंबर धरलीय माजी. बसली तं उठता येत नाय."

"पाटी उचललीस?"

"मी नाय उचलली. सूनंला उचलता येईना, म्हनून उचलली."

"म्हणजे उचललीस."

"तिला दाखवायला उचलली, बाय."

मग कामगार. "मैडम, जल्दी लात मार दीजिए, सेकंड शिफ्ट है।"

"पहले अंगूठा ऊपर करो. पाँव का. दोनों."

"मैडम, लाइसेंस थोड़ी बनवा रहा हूँ।"

"ऊपर."

लाथ म्हणजे प्रत्यक्षात काहीच नव्हतं. पायपुसण्यावर आपण पाय टेकवतो, तेवढाच भार. खरी शिक्षा नंतर. स्टेशनपर्यंत चालत जायचं, टमटम करायची नाही. पडून राहायचं नाही. उचलायचं तर गुडघ्यात वाकायचं आणि वस्तू पोटाशी धरायची. सुनेला दाखवायचं नाही.

मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "बाई, तुमचा यावर विश्वास आहे?"

"कशावर?"

"लाथेवर."

"नाही."

"मग मारता कशाला?"

"उसण आपली आपण जाते. आठवड्यात जाते, फार तर दोन-तीन आठवड्यांत. पण लोकांना ती कुणीतरी घालवलेली हवी असते. मी नाही घालवली, तर ते तेल चोळणाऱ्याकडे जातात. तो वर चढून मणके मोजतो."

हे ऐकून मी निरुत्तर झालो असं नाही. मी बराच वेळ अंधश्रद्धेबद्दल बोललो. बाईंनी दोरीवरचं पान बदललं.

परीक्षेचा अभ्यासक्रम मात्र त्यांचा नव्हता. खूप आधी डोंगराकडून एक आजी आली होती. टमटम खड्ड्यात आदळली आणि पाठीत कळ आली, एवढंच तिचं म्हणणं. बाईंनी नेहमीसारखा पाय टेकवला. आजीचं दुखणं हटेना म्हणून नातवाने एक्स-रे काढला, तर मणका आदळतानाच चेपला होता. बाईंच्या पायाने काही झालेलं नाही, हे हाडांच्या डॉक्टरांनी सांगूनही बाईंना झोप लागेना. त्या पालघरला त्यांच्या दवाखान्यात गेल्या, रोग्यांच्या रांगेत बसल्या, आणि नंबर आल्यावर म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. लाथ कुणाला मारायची नाही, ते विचारायला आले आहे."

डॉक्टर तरुण होते. असा प्रश्न त्यांना अभ्यासक्रमात नव्हता. त्यांनी आधी 'कुणालाच मारू नका' म्हणून पाहिलं. बाई उठल्या नाहीत. शेवटी त्यांनी सांगितलं: वय जास्त असेल, पडली-आदळली असेल, ताप असेल, वजन उतरत असेल, झोपेतही दुखत असेल, तर नाही. पायातली ताकद गेली असेल तर नाही. आणि लघवी अडली असेल किंवा बसतो ती जागा बधिर असेल, तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल. प्रत्येक वाक्यानंतर बाईंनी 'का?' विचारलं. बाहेरची रांग दारापर्यंत आली होती म्हणतात.

तेव्हापासून बाई एकेकाला हे समजावून सांगायच्या, आणि त्यासाठी त्यांच्याकडे ताडगोळे असायचे. "मणके म्हणजे विटा. दोन विटांच्या मध्ये हा. कोवळा आहे तोवर आत पाणी, दाबला तरी पुन्हा फुगतो. वय झालं की पाणी आटतं, जून होतो, विटा जवळ येतात, माणूस बुटका होतो. ह्याला आजार म्हणत नाहीत, ह्याला वाढदिवस म्हणतात. पण वाकडा दाबलास, तर हा कुठूनतरी फुटणार, आणि शेजारी नस आहे." मग तो ताडगोळा दाबून फोडायच्या आणि रोग्याला खायला द्यायच्या. पाठ दुखत नसलेले लोकही उन्हाळ्यात यायचे.

आमच्या कारखान्यातल्या सुरक्षा सप्ताहाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती व्यवस्था माझी होती. 'ताठ कणा, ताठ जीवन' या विषयावर मुंबईहून एक प्रेरणादायी वक्ते आणले होते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मोठ्या साहेबांचं लांबलेलं प्रास्ताविक, आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तासभर अवघडलेले कामगार. मग दीपप्रज्वलन. वक्ते समईची खालची वात लावायला कंबरेत वाकले आणि तिथेच राहिले. आधी आम्हाला वाटलं, ते नमस्कार करताहेत. भक्तिभावाने सभागृह उभं राहिलं. फोटोग्राफरने तीन बाजूंनी फोटो काढले. मग त्यांच्या कॉलरला लावलेल्या माइकमधून बारीक आवाज आला, "कुणीतरी धरा."

मागून कुणीतरी ओरडलं, "मैडम को बुलाओ." कंपनीच्या जीपमधून बाई आल्या. वक्त्यांना व्यासपीठाच्या लाल गालिच्यावर आडवं केलं होतं.

"काय रे, कशाने झालं?"

"समई..."

"लघवी झाली का सकाळपासून?"

"बाई, माइक चालू आहे."

"मग जोरात सांग. ह्यांनाही हे कधीतरी विचारायचंच आहे."

"झाली."

"बसतोस ती जागा बधिर आहे? मांड्यांच्या मध्ये?"

वक्त्यांनी डोळे मिटून 'नाही' म्हटलं, ते पार गोदामापर्यंत ऐकू गेलं. अंगठे दोन्ही वर आले. बाईंनी बूट काढला. नंतर वक्ते कोयत्यासारखे वाकून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी टेबल धरून त्यांनी संपूर्ण व्याख्यान दिलं. विषय आम्ही बदलला नाही. टाळ्या मात्र बाईंना पडल्या, आणि त्या वर्षी कामगारांनी एवढंच लक्षात ठेवलं, की लघवी अडली तर पाठीचं प्रकरण गंभीर असतं. सुरक्षा सप्ताहातून कुणी काही लक्षात ठेवल्याचा माझ्या नोकरीतला तो एकमेव प्रसंग.

मी स्वतः ते लक्षात ठेवलं नव्हतं.

माझी पाठ वर्षभर दुखत होती. डाव्या पायातून कळ पोटरीपर्यंत जायची. मी सुशिक्षित माणसासारखा वागलो. पट्टा घेतला, गादी बदलली, ऑफिसात उंच पाठीची महागडी खुर्ची मागवली, एमआरआय काढला. त्याच्या अहवालात एवढे भारदस्त शब्द होते, की मला थोडा अभिमानच वाटला. बाईंनी तो दोरीला चिमटा लावून टांगला आणि वाचला. "पन्नाशीत एवढं असायचंच. केस पिकले म्हणून फोटो काढता का? माझा काढला तर ग्रंथ होईल. एक ताडगोळा जरा जास्त बाहेर आलाय, त्याच्यावर नजर ठेवा. आणि चाला." मी चाललो नाही. खुर्ची चांगली होती.

तो रविवार उजाडला तेव्हा कळ दोन्ही पायांत उतरली होती. जिना उतरायला मला कठड्याला मिठी मारावी लागली. खाली चटई पडलेली होती आणि याच अंगणात अंधश्रद्धेवर बोललेला मी रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढे तीच मासेवाली मावशी होती, सुनेला दाखवणारी.

"साहेब, तुमी बी?"

"हो."

"तुमी तं बोललात, ही अंधश्रद्धा हाय."

"आहेच."

"मंग?"

"मग काही नाही. तुमच्या मागे उभा राहतो."

"मागं नको, पुडं व्हा. तुमचं तोंड बघवत नाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे?"

त्या 'रे'ने मला बरं वाटलं. "बाई, हसू नका. मारा एकदाची."

"लघवी?"

"तेवढी एक कटकट नाही. कालपासून लागलीच नाही."

रांग हसली. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

"पाणी प्यायलास?"

"भरपूर."

"बसतोस ती जागा?"

"बधिर आहे. त्या खुर्चीमुळे."

"अंगठे वर कर."

उजवा वर आला. डाव्याला मी सांगत होतो, तो ऐकत नव्हता. मी खाली पाहिलं, कारण मला खरंच वाटत होतं की तो वर आला आहे. बाईंनी काढून ठेवलेला बूट उचलला, पाय आत घातला आणि नाडी बांधली.

"आज बंद," त्या म्हणाल्या. "गाडी कुणाकडे आहे?"

"बाई, नुसता पाय लावा, मग जातो."

"नाही."

"सगळ्या तालुक्याला लावता."

"तालुक्याला लघवी होते."

मावशींचा माशांचा टेम्पो फाटकाशी उभा होता. "माजा टेंपो हाय. झोपवा तेला," त्या म्हणाल्या, आणि मी बर्फाच्या रिकाम्या पेट्यांच्या मध्ये, बोंबलाच्या वासात, आडवा झालो. बाई एका पेटीवर ताठ बसल्या. टेम्पो पालघरच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "काय झालंय मला?"

"फुटलेला ताडगोळा नसांवर बसला असणार. तिथे खाली नसांचा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. लघवी, संडास, पाय, सगळं तिथून जातं. आज मोकळ्या केल्या तर वाचतील. तशाच राहिल्या तर लघवीला नळी लागेल, कायमची. पायाचंही सांगता येत नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

"नाही. म्हणून तर चाललोय."

मी आयुष्यात पुष्कळ खात्रीची माणसं पाहिली आहेत. त्यांना मी व्यासपीठावर बसवून हार घातले आहेत. त्या दिवशी ज्या बाईंना खात्री नव्हती, त्यांचा पदर धरून मी टेम्पोत पडलो होतो.

पालघरच्या त्याच हाडांच्या डॉक्टरांनी मला तपासलं, बाईंकडे एकदा बघितलं आणि फोन उचलला. रुग्णवाहिकेने मला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि त्याच दिवशी ऑपरेशन झालं. बायको नाशिकहून पोचली तेव्हा मला आत घेतलेलं होतं. तिला बाहेर कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई भेटल्या, आणि त्यांनी तिला सगळं नीट, क्रमाने समजावलं. ताडगोळा नव्हता म्हणून हॉस्पिटलच्या कँटीनमधली इडली वापरली.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं नव्हतं. नसा जाग्या होतात की नाही, हे नळी काढल्याशिवाय कळणार नव्हतं. ज्या सकाळी ती काढली, त्या सकाळी बाई पुन्हा आल्या. स्टुलावर बसल्या. पर्यवेक्षणाला बसतात तशा. नर्स येऊन विचारून गेली, बायकोने नळ सोडून ठेवला, शेजारच्या खाटेवरचे गृहस्थही कान लावून होते. मी बाथरूममध्ये भिंतीला धरून उभा होतो आणि काही होत नव्हतं. माणूस त्या वेळी काय काय कबूल करायला तयार होतो, ते लिहिण्यासारखं नाही. दुपार कलली तेव्हा झालं. थोडंसं. मग आणखी.

दार उघडून मी बाहेर आलो.

"झाली?" बाईंनी विचारलं.

"झाली."

"कळली का होताना?"

"कळली."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. मग उठल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "छान. आता तुम्ही विश्रांती घ्या." आणि दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या दोन पिशव्या घेऊन गेल्या.

सरावलीला परतलो तर माझी गोष्ट माझ्याआधी पोचली होती, आणि तिच्यात बाईंनी मला लाथ मारली होती. लाथ अशी जबरदस्त, की साहेब थेट मुंबईला जाऊन बरे झाले. मी टमटमवाल्याला समजावलं, "अहो, त्यांनी मला पाय लावला नाही. माझं ऑपरेशन झालं."

तो सहानुभूतीने म्हणाला, "लावला असता तं त्याची बी गरज नव्हती."

गेल्या वर्षी पाण्याची हंडी उतरवताना बाईंच्या पाठीत कळ आली. मी खाली धावलो तर त्या ओट्यापाशी उभ्या राहून स्वतःलाच मोठ्याने प्रश्न विचारत होत्या. लघवी, ठीक. बधिरपणा, नाही. अंगठे, दोन्ही वर. "वय?" त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "वय जास्त. लाथ नाही. एक्स-रे."

त्यांचा मणका पुढून चेपला होता. हाडं आतून विरळ झाली होती. वाळवी लागलेला वासा बाहेरून धडच दिसतो तशी, असं त्यांनीच डॉक्टरांना समजावलं. उंची गेली काही वर्षं कमी होतच होती. वर्तमानपत्राची दोरी मी दोनदा खाली बांधली होती. औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी एकच सक्त ताकीद दिली: तोल गेला तर दुसरा मणका जाईल, तेव्हा एका पायावर उभं राहायचं नाही. म्हणजे लाथ बंद.

बाईंनी रांगेला सांगून पाहिलं, की यापुढे फक्त प्रश्न विचारीन. मावशींनी सगळ्यांच्या वतीने उत्तर दिलं. "परश्न तं डाक्टर पन विचारतो, बाय. लाथ नाय तं आमी तेलवाल्याकडं जाऊ." पुढच्या रविवारी चटई रिकामी राहिली. बाई दोरीपाशी उभ्या होत्या, पण पान बदलत नव्हत्या. त्या तेलवाल्याकडे त्या सकाळी पाठ घेऊन कोण गेलं असेल, आणि त्याला कालपासून लघवी झाली होती की नाही, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं. मला ते कळत होतं. माझ्याइतकं ते कुणालाच कळलं नसतं.

म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहतो. परीक्षा त्या घेतात. पास झालेला चटईवर पालथा होतो, नापास झालेल्याला मावशींचा टेम्पो नेतो. मग बाई माझा दंड घट्ट धरतात आणि डावा पाय उचलतात. ज्यांनी आपल्याला उभं केलं त्यांना उतारवयात आधार द्यावा, याहून मोठी कृतज्ञता नाही, असं मी निवृत्त होताना कारखान्यातल्या निरोप समारंभात म्हणालो होतो, आणि ते मला आजही मनापासून पटतं. ऑपरेशननंतर मला कुणाचंही वजन पेलायला बंदी आहे, त्यामुळे मी भिंतीला टेकलेला असतो. सगळा भार भिंत घेते.